मार्केटिंग शिकलेल्या मुलामुलींनी पुढे काय करावे?



महिन्यापूर्वीची गोष्ट. औंधहून एक गृहस्थ मला भेटायला महाविद्यालयात आले. वहाणा धुळीने माखलेल्या, हातात पिशवी आणि पिशवीत मुलाच्या गुणपत्रिका. मुलगा बी.बी.ए. झालेला, विषय मार्केटिंग. आता त्याला एम.बी.ए. करायचे होते. पाण्याचा पेला खाली ठेवून त्यांनी सरळच विचारले, "सर, हे शिकून पोरगं करणार काय? दारोदार हिंडून साबणच विकायचा असंल, तर त्याला कालिज कशाला लागतंय?"

हा प्रश्न पुष्कळ घरांत आज विचारला जातो, आणि तो रास्त आहे. कारण दोन-अडीच लाख रुपये कर्ज काढायचे ते बापाने. औंधच्या माणसाने विचारले, तेव्हा उत्तर शोधायला मीही औंधकडेच वळलो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. बेळगावात त्यांचे सायकलींचे दुकान होते. पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर. नांगर उत्तम होता. पण घ्यायला कोणी येईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे गेली, असे सांगतात.

आता, शेतकरी अडाणी म्हणून त्याने नांगर घेतला नाही, एवढे म्हणून आपण पुढे गेलो तर काहीच शिकलो नाही. त्याच्या जागी उभे राहून पाहा. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई, मोडला तर बांधावर येऊन नीट करी, आणि त्याचे बलुते सुगीला धान्यात जाई. लोखंडी नांगराला रोकड हवी. फाळ झिजला तर दुसरा कुठून आणायचा? ऐन पेरणीत मोडला तर कोणाचे दार ठोठवायचे? विषाची गोष्ट तोंडावर होती. पोटातली भीती ही होती, असे मला वाटते. ती ओळखून तिचे उत्तर देणे, मग ते माल सुधारून द्या, सुटे भाग पुरवून द्या, नाहीतर शेतात नांगर चालवून दाखवून द्या, यालाच आज कालिजात मार्केटिंग म्हणतात. वस्तू गळ्यात मारणे वेगळे.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांना आपल्या संस्थानात बोलावले. कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाचा माळ दिला आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. 1910 साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव चित्रकला शिकलेले. लाहोरला सातवळेकरांच्या चित्रशाळेत त्यांनी हात तयार केला होता. चित्रकाराचे कारखान्यात काय काम, असे तेव्हाही कोणी विचारले असेल! त्यांनी जाहिरातीचे काम अंगावर घेतले आणि 1920 साली 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याची आणि मालाची खबर गिऱ्हाइकाला कळावी, हा मूळ हेतू. पण नुसती आपल्या मालाची स्तुती कोण वाचणार? म्हणून वाचकाला उपयोगी पडेल, आवडेल असा मजकूर त्यात येऊ लागला, आणि त्या खबरीतून 'किर्लोस्कर' हे मराठीतले नामांकित मासिक झाले. 1930 साली 'स्त्री' आणि 1934 साली 'मनोहर' त्याच घरातून निघाली. कराडजवळच्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदीलही असाच. गिऱ्हाईक दुकानात नुसता कंदील मागत नसे, नाव घेऊन मागे.

असो. इतिहासाने पोट भरत नाही, हे त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर मला दिसत होते.

तेव्हा आजच्या वाटा सांगतो. सर्वांत जास्त जागा फिरतीच्या असतात: बियाणे, खते, ठिबक, ट्रॅक्टर, पशुखाद्य, औषधे. मोटारसायकलवर दिवसाला चार गावे करायची, दुकानदाराचे देणे-घेणे पाहायचे, महिनाअखेर टार्गेट गाठायचे. सुरुवातीचा पगार बेताचा आणि ऊन मात्र भरपूर. पण ज्याला शेतकऱ्याच्या बांधावर बसून बोलता येते, त्याला शहरातल्या पोरापेक्षा इथे आघाडी आहे. पाच-सात वर्षांत तालुक्याचा जिल्हा, जिल्ह्याचा विभाग, असा माणूस वर चढतो.

सरकारी बँकांत 'मार्केटिंग अधिकारी' अशी स्वतंत्र जागा असते, हे पुष्कळ शिक्षकांनाही ठाऊक नसते. आय.बी.पी.एस. ही संस्था तिची परीक्षा घेते. मात्र तिला पदवीनंतर दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम लागतो, मार्केटिंग हा विशेष विषय घेऊन. पत्रद्वारा केलेला चालत नाही. म्हणून प्रवेश घेण्याआधी जाहिरातीतल्या अटी मुलाकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात. मागाहून हळहळण्यात अर्थ नाही.

शहरात जाहिरात संस्था आहेत, बाजाराची पाहणी करणाऱ्या कंपन्या आहेत, मोबाईलवरच्या जाहिरातींचे काम आहे. त्याविषयी मुले माझ्यापेक्षा अधिक जाणतात. नेट किंवा सेट परीक्षा देऊन माझ्यासारखे मास्तर होता येते. जागा निघतील तेव्हा.

पण मला जास्त बोलायचे आहे ते आपल्याच दाराशी असलेल्या कामाविषयी. सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हळदीला 2018 साली. कोरेगावकडच्या वाघ्या घेवड्यालाही मिळाले. मानांकन म्हणजे नावावरचा हक्क. भाव त्याने आपोआप येत नाही. प्रतवारी कोण करणार? पाकिटावर काय छापायचे? पुण्यातल्या गृहिणीला कोरेगावचा घेवडा आणि दुसरा कुठलाही राजमा यांतला फरक कोण सांगणार? गावोगाव शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत. त्यांच्याकडे माल असतो, गोदामही असते. खरेदीदाराला फोन करून दर ठरवणारा माणूस नसतो. 1984 सालापासून पुण्यात राज्याचे कृषी पणन मंडळ आहे, तिथे निर्यातीची माहिती आणि प्रशिक्षण मिळते. पण माहिती घेऊन येणारा कोणीतरी गावचाच हवा. अशा कंपनीत पगार थोडा मिळेल, कधी उशिराही मिळेल, हे मी लपवीत नाही. तरी ही जागा रिकामी आहे.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याला ट्रॅक्टरच्या दुकानात फिरतीची नोकरी मिळत होती. मी म्हणालो, "थांब, बँकेची परीक्षा दे. तुझ्या गुणांना हे शोभत नाही." तो थांबला. एक वर्ष, दोन वर्षे. परीक्षा साधली नाही आणि ती जागाही गेली. खुर्ची म्हणजे नोकरी आणि फिरती म्हणजे हमाली, हे माझ्याच डोक्यात बसले होते. मी मात्र वर्गात किर्लोस्करांचे गोडवे गात होतो.

दुसरीही बाजू आहे. मार्केटिंगच्या नावाखाली फसवणूक फार चालते. आधी पैसे भरा, मग आणखी चार जण आणा, असे जिथे सांगतील तिथून उठून यावे. खरी नोकरी देणारा अनामत मागत नाही. शिक्षकबंधुभगिनींनी एवढे जरी वर्गात सांगितले, तरी काही घरांची बचत वाचेल.

औंधच्या गृहस्थांनी हे सगळे ऐकले आणि शेवटी म्हणाले, "मग घालू का त्याला?" मी म्हणालो, "आधी त्याला माझ्याकडे पाठवा."

मुलगा आला. मी त्याला काम दिले: औंधच्या आसपास गाई-म्हशी राखणाऱ्या दहा घरी जायचे, आणि पेंडीचे पोते एका दुकानातून सोडून दुसऱ्या दुकानातून का घेऊ लागलात, एवढेच विचारायचे. काही विकायचे नाही. आठ दिवसांनी तो वही घेऊन आला. सात घरांची उत्तरे होती. कोणी उधारीसाठी दुकान बदलले होते, कोणी म्हैस दूध कमी देऊ लागली म्हणून, आणि एका आजींनी दुकानदार नीट बोलत नाही म्हणून. "बाकीची तीन?" मी विचारले.

"त्यांनी हाकलून दिलं, सर."

"त्यांच्याकडेच पुन्हा जा," मी म्हणालो. वही घेऊन तो गेला आहे. प्रवेशाचे त्यानंतर बघू, असे आमचे ठरले आहे.