झिजलेले टायर आणि नवा चालक
(कळमेश्वर येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



मालमोटारीवर जाणाऱ्या आपल्या तरुणांची चांगल्या पगाराची व वातानुकूलित केबिनची अपेक्षा रास्त आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांना तशी केबिन कायद्यानेच सक्तीची आहे. परंतु नवख्याच्या हाती बहुधा जुनी गाडी येते. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरहून उथळ झाल्या की ओल्या काटोल मार्गावर चाकाखालचे पाणी निघत नाही. ब्रेक दाबूनही भरली गाडी घसरते.

गाडीमालक बांधवांनो, टायरचा पैसा परक्या लेकराच्या जिवावर वाचवू नका. तरुणांनो, पगाराआधी खाचा पाहा. गुळगुळीत टायरची गाडी नम्रपणे नाकारा. त्या नकारापायी कोणाची नोकरी गेली, तर त्याच्या घरची चूल पेटती ठेवणे, हे आपल्या समाजाचे कर्तव्य ठरो.