कात्रीनं पकडलेली चूक

(मुलांच्या पुस्तकांतील स्त्री-प्रतिमा या विषयावरच्या शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय फार मोठा आहे, तो माझ्याच्यानं पेलणार नाही. मी चित्रं काढणारी बाई. एका पुस्तकाची चित्रं करताना काय घडलं, तेवढंच सांगते.

पुस्तक सोळा पानांचं. चाळीतल्या खोलीत पावसानं छप्पर गळायला लागतं आणि घरातल्यांची धावपळ उडते, एवढीच गोष्ट. कोण काय करतं ते मजकुरात नव्हतं. ‘कौल सरकवलं, पातेली मांडली, अंथरुणं गुंडाळली.’ आपल्या मराठीत कर्ता गाळला तरी वाक्य अडत नाही ना! मी जलरंगात चित्रं केली. शिडीवर बाबा, शिडी धरणारा मुलगा, खाली पातेली मांडणारी आई, आणि खिडकीतून पाऊस बघणारी मुलगी. असं काढ म्हणून मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. वीस वर्षं मोर्चात वर जाणारा माझाच हात तो.

रंग पातळ झाला, कागद फुगला, मागची भिंत बिघडली. टाकून देववेना, म्हणून माणसं तेवढी कापून नव्या कागदावर मांडू म्हटलं. तिथं कात्रीनं मला पकडलं. बाबा कापताना ती बगलेतून, कोपरातून, दोन पायांमधून फिरत होती. आई मात्र दोन मिनिटांत कापून झाली. हात अंगाला चिकटलेले, पाय साडीत, मान खाली. बाहेरून बघितलं तर नुसतं गाठोडं! रंगवताना हे दिसलं नव्हतं, कारण साडीवर मी बुट्टे फार छान काढले होते.

जर्मनीच्या लोटे रायनिगर यांनी १९२६ साली प्रिन्स अहमदच्या साहसांवर पूर्ण लांबीचा चित्रपट केला, तो काळ्या कापीव आकृत्यांचा. चेहऱ्यात डोळे नाहीत, हसू नाही, जे सांगायचं ते बाहेरच्या रेषेनं. म्हणून त्यांनी हातपाय सुटे कापून सांध्यांशी तारेनं जोडले होते. मीही आईचे खांदे, कोपरं, गुडघे वेगळे कापले आणि तारेऐवजी दोरा घातला. साडीचा ओचा वर खोचला, तेव्हा कुठे तिला पाय फुटले.

हे तुकडे जमिनीवर मांडले असताना माझी चार वर्षांची भाची आली. तिनं आईला शिडीवर चढवलं आणि बाबांना पातेल्यांपाशी बसवलं. का गं, विचारलं तर म्हणाली, ‘बाबा जाड आहेत, शिडी मोडेल.’ आमच्या अभ्यासमंडळात इतकं सरळ कारण मी कधी ऐकलं नव्हतं. रंगवलेलं चित्र पुसता येत नाही, पण खळ लावेपर्यंत कागद सरकवता येतो. ते पान तसंच ठेवलं.

मग नादच लागला. साडीसाठी भेंडी आडवी कापून ठसे उठवले. ओल्या पोस्टर कलरवरून कंगवा फिरवला की शिडीचं लाकूड तयार! टूथब्रशनं शिंतोडे उडवून पाऊस केला. रंगवलेला कागद वाळताना वळतो, तो पोळपाटाखाली दाबायचा. घरची खळ चांगली, पण तिला झुरळं लागतात, म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचं आणि मुलांच्या हाताला लागू द्यायचं नाही, ते विषारी असतं. एकदा ओल्या खळीवर लाल पतंगाचा कागद ठेवला तर त्याचा रंग सुटून भिंतीवर ओघळला. आधी रडू आलं. मग लक्षात आलं, गळणारी भिंत अशीच दिसते.

या पद्धतीचं एक गाजलेलं पुस्तक म्हणजे अमेरिकेच्या एझ्रा जॅक कीट्स यांचं ‘द स्नोई डे’, १९६२ सालचं. बर्फात खेळणारा काळा मुलगा, कोणाचा सोबती म्हणून नव्हे, तर नायक म्हणून. आईचा झगा त्यांनी फडताळात अंथरतात त्या मेणकापडातून कापला होता. पुढच्याच वर्षी त्याला कॅल्डिकॉट पदक मिळालं. पण १९६५ साली नॅन्सी लॅरिक यांनी नेमकं त्या आईवर बोट ठेवलं. अशी अगडबंब, भडक चौकडीच्या कपड्यातली का, असा त्यांचा आक्षेप होता. मला तो थोडा कडक वाटतो. तरी माझं गाठोडं आठवून मी गप्प बसते.

आता माझी लाजेची गोष्ट. माझ्या पुस्तकातली माणसं मी वह्यांना घालतात त्या खाकी कागदातून कापली होती. चाळीतली माणसं आपल्याच रंगाची असणार. प्रकाशकांना शिडीवरची आई चालली, अगदी हसून चालली. पण मुलगी ‘जरा उजळ करा’ म्हणाले, मुखपृष्ठ काळं दिसतं, खपत नाही. मी दोन दिवस भांडले. मग छपाई अडली, पैसे अडले, आणि मुखपृष्ठापुरती मुलगी मी बदामी कागदात कापून दिली. आतली पंधरा पानं वाचवली, अशी मनाची समजूत घातली.

पुस्तक आल्यावर भाचीनं मुखपृष्ठ बघितलं, आतली पानं बघितली, परत मुखपृष्ठ बघितलं. बोट ठेवून म्हणाली, ‘ही कोण?’

मला उत्तर देता आलं नाही. मुखपृष्ठासाठी आधी कापलेली खाकी मुलगी मी आज बरोबर आणली आहे. त्या खिडकीजवळच्या टेबलावर आहे, चहाच्या वेळी बघा. हातपाय हलतात तिचे.