पाट्यांचा खर्च
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील निवेदन)



जमाखर्चातील एका बाबीविषयी काही देणगीदारांनी विचारणा केली : दारांवरील पाट्यांवर एवढा खर्च कशासाठी? प्रश्न रास्त आहे.

९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली. १७ पैकी १० बालके दगावली. त्या बातमीनंतर आम्ही रात्री आपल्याच इमारतीत फेरी मारली. मागील दाराला कुलूप, किल्ली दिवसपाळीच्या कर्मचाऱ्याच्या घरी! भटकी कुत्री आत शिरतात म्हणून लावलेले ते कुलूप. हेतू वाईट नव्हता. दारावरील इंग्रजी पाटी सलाइनच्या खोक्यांआड गेलेली. तेथे बसलेल्या एका आजींना विचारले, आग लागली तर कोठून बाहेर पडाल? त्या म्हणाल्या, ‘‘जयसून इलंय थयसूनच.’’ आजींचे काही चुकले नाही. घाबरलेला माणूस आल्या वाटेनेच परततो. दुसरी वाट त्याला आधीच दिसलेली असावी लागते.

हिरव्या पाटीवर दाराकडे धावणारी पांढरी आकृती आपण पाहिली असेल. १९७२ साली जपानमधील ओसाका शहरात एका दुकान-संकुलाच्या आगीत ११८ माणसे गेली. त्यानंतरच्या दशकात युकिओ ओटा यांनी तेथे ही आकृती घडविली आणि पुढे ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिला अक्षरओळख लागत नाही. तरीही आम्ही खाली मराठीत ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ असे लिहिले आहे.

खर्च वाढला तो दिव्यांमुळे. पावसाळ्यात मिठबावची वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून पाट्या बॅटरीवर उजळणाऱ्या घेतल्या. धूर छताकडे चढतो, म्हणून बाण जमिनीलगतही लावले. मागील दार आता बाहेरच्या बाजूस उघडते. कुलपाच्या जागी आतून ढकलताच उघडणारी आडवी दांडी आहे. कुत्र्यांसाठी आवारालाच फाटक बसविले. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी व जुलैत यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. परंतु खोकी पुन्हा रचली जातात ती दोन तपासण्यांच्या मधल्या काळात.

वरच्या मजल्यावरील दार अद्याप अरुंद आहे. खाट तेथून निघत नाही. चिऱ्याची भिंत फोडून ते रुंद करणे यंदाच्या अंदाजपत्रकात धरले आहे. तोपर्यंत चालू न शकणारे रुग्ण तळमजल्यावरच ठेवण्यात येतील. भेटीस येणाऱ्या आप्तांना विनंती, की त्या दारासमोर काही ठेवलेले आढळल्यास कार्यालयात तत्काळ कळवावे.