परसातला रातांबा



चिटणीसबाईंनी "चार शब्द बोला" म्हटले, तेव्हा मी नकोच म्हणत होते. सातवी झालेल्या बाईने सभेत काय बोलावे? मग म्हटले, आमसुलाशिवाय आपल्यापैकी कुणाची चूल चालत नाही, तर रातांब्याविषयीच बोलावे.

रातांबा हे मुळात सह्याद्रीच्या रानातले झाड. उंच झाडांच्या सावलीत, ओढ्याकाठी वाढणारे. फांद्या खाली झुकलेल्या, कोवळी पालवी तांबूस. एप्रिल-मे महिन्यांत फळे पिकली की आपली धांदल! फळे फोडायची, बिया काढायच्या, साली मीठ घातलेल्या रसात बुडवून वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. त्यात वळवाचा पाऊस आला की बुरशी आलीच. बिया मात्र टाकू नका. वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की तेल वर येते आणि गार झाल्यावर थिजते. टाचांच्या भेगांना त्यासारखे औषध मला तरी ठाऊक नाही. २०१६ साली आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

पण मला सांगायचे आहे ते निराळेच. सासूबाईंनी परसात बिया रुजवून दोन झाडे वाढवली. एक लागले. दुसरे आठ वर्षे झाली तरी नुसते फुलायचे, फळ एक नाही. "वांझ आहे, तोडून टाका," असे घरात ठरले. लग्नानंतर सहा वर्षे मला मूल नव्हते. तो शब्द मी पुष्कळ ऐकला होता. बोलावेसे वाटले, पण बोलले नाही. झाड तुटले.

पुढच्या वर्षी लागत्या झाडालाही फळे कमीच आली. धाकटे भावोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठात कलमे आणायला गेले, तेव्हा त्यांना तिथे कळले की, रातांब्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत सुमारे निम्मी नर निघतात, आणि फुलल्याशिवाय ते ओळखू येत नाही. मादीच्या फुलांना पराग लागतात ते नराचेच. म्हणजे आमचे झाड वांझ नव्हतेच! सासूबाई ऐकून गप्प बसल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "त्या वेळी मी तुला फार बोलले गो."

यंदा 'कोकण अमृता'ची दोन कलमे लावली आहेत. शेजारी बियांचे एक रोपही लावले आहे. ते नर निघाले तरी कुणी हात लावायचा नाही, असे सासूबाईंनी आताच बजावून ठेवले आहे.