आधी माणसं मोजा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जळगाव-धुळ्याकडून समुद्र लांब. त्यामुळे मी प्रवासी जहाजांवर सुरक्षा अधिकारी होतो असं सांगितलं, की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, "म्हणजे बंदूकवाले का?" नाही. बंदूकवाले वेगळे. आग लागली, पाणी शिरलं, जहाज सोडायची पाळी आली, तर जहाजावरच्या माणसांनी काय करायचं हे त्यांच्याकडून आधी करून घ्यायचं, हे आमचं काम. मी फिरता अधिकारी. एका जहाजावर दोन-तीन आठवडे काढायचे, पुढच्या बंदरात उतरून दुसऱ्यावर चढायचं. शाळा तपासायला दिपोटी आले की मास्तरांचे चेहरे व्हायचे, तसे आम्हाला पाहून खलाशांचे होत.

मोठ्या प्रवासी जहाजावर तीन-चार हजार माणसं असतात. त्यांतली बहुतेक समुद्रावर नवखी. नोकरवर्गातही खरे दर्यावर्दी थोडेच. बाकी आचारी, वाढपी, खोल्या झाडणारे, वाद्यं वाजवणारे. पण धोक्याचा भोंगा झाला, म्हणजे सात छोटे आणि एक लांब, की प्रत्येकाला नेमलेली जागा आणि काम असतं. कुणी जिन्यावर उभं राहून वाट दाखवायची, कुणी खोल्या तपासायच्या, कुणी होडीवर जायचं. जमलेली माणसं जाकिटं घालून तयार झाली आणि जहाज सोडण्याचा हुकूम झाला, की तीस मिनिटांत सगळ्या होड्या पाण्यात उतरल्या पाहिजेत असा नियम आहे. तीस मिनिटांत आपल्याकडे लग्नाची एक पंगत उठत नाही.

दर्यावर्दी माणूस पाण्यापेक्षा आगीला जास्त भितो. जहाजाला जागोजागी लोखंडी दारं असतात. आग लागली की जहाज चालवण्याच्या खोलीतून ती बंद करता येतात आणि धूर तिथल्या तिथे कोंडला जातो. पण ताटं घेऊन ये-जा करणाऱ्या वाढप्याला ते दार दर वेळी उघडायचा कंटाळा येतो. तो खाली लाकडाची पाचर मारतो. रोज सकाळी मी पाचरी गोळा करायचो, संध्याकाळी नव्या तयार! त्या वाढप्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. दहा तास पायांवर उभा असलेला माणूस तो. त्याची वाटच दुसरीकडून काढून दिली, तेव्हा पाचर गेली.

सरावातही जीव जातो. फेब्रुवारी 2013 मध्ये स्पेनच्या ला पाल्मा बेटावर 'थॉमसन मॅजेस्टी' जहाजाची होडी सरावात वर ओढताना तिची तार तुटली आणि पाच कर्मचारी दगावले. वरून वंगण लावलेली तार चकचकीत दिसते, आतून गंजलेली असू शकते. विहिरीचा दोर कप्पीवर जिथे घासतो तिथेच तुटतो, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

पण या सगळ्याच्या आधीचं एक काम आहे, आणि ते इतकं साधं आहे की त्याकडे लक्ष जात नाही. माणसं मोजायची. जहाज सुटण्याआधी आत किती जीव आहेत, हा आकडा जहाजावरही हवा आणि किनाऱ्यावरही. आकडा नसेल तर शोध कधी थांबवायचा हेच कळत नाही.

13 जानेवारी 2012 च्या रात्री इटलीत 'कोस्टा कॉनकॉर्डिया' खडकावर आपटलं. जहाजावर 4,229 माणसं होती, 32 गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालाच नव्हता, आणि तेव्हाच्या नियमात ते बसतही होतं. चोवीस तासांची मुभा होती. 1 जानेवारी 2015 पासून ती मुभा गेली. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी सराव घ्यावा लागतो.

आपल्याकडची मोठी जखम 'रामदास'ची. 17 जुलै 1947, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट मोठ्या लाटेनं कलली, घाबरलेली माणसं एका अंगाला धावली आणि ती उलटली. सहाशेच्यावर माणसं बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबईला बातमी कळली ती पोहत आलेल्या माणसांकडून, काही तासांनी. डिसेंबर 2024 मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची वेगवान बोट आदळली. परवाना चौऱ्याऐंशी प्रवाशांचा, आणि माणसं शंभराहून अधिक. नेमकी किती, हा आकडा पुढे बदलत राहिला.

हे सगळं समुद्राकाठचं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. सरदार सरोवराचं पाणी वर चढलं तेव्हापासून नर्मदाकाठच्या अक्कलकुवा-धडगावकडच्या कित्येक पाड्यांना होडीशिवाय वाट उरली नाही. 1998 पर्यंत हा भाग धुळे जिल्ह्यातच होता. तिथेच भूषा गावाजवळ जानेवारी 2019 मध्ये, संक्रांतीच्या दिवसांत, यात्रेकरूंची बोट उलटली. माणसं दगावली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते, असं तेव्हा सांगितलं गेलं. तिथल्या माणसानं दवाखान्याला, बाजाराला जायचं ते याच होड्यांतून. त्याला 'गर्दी असेल तर बसू नका' एवढंच सांगणं मला तरी पटत नाही. जास्तीच्या फेऱ्या कोण सोडणार, ते आधी ठरायला हवं.

महाशिवरात्रीला चांगदेवच्या संगमावर मी गेलो होतो. तापी-पूर्णेचं पाणी तिथे हतनूर धरणामुळे पसरलेलं असतं. नावाड्याला विचारलं, "किती माणसं घेता?" तो म्हणाला, "मावतील तेवढी, भाऊ." माणूस प्रामाणिक होता. त्याला कुणी आकडा दिलेलाच नव्हता.

जहाजांच्या अंगावर एक रेघ असते. सॅम्युअल प्लिमसॉल या इंग्रज खासदारानं आग्रह धरून 1876 मध्ये तिचा कायदा करून घेतला. रेघ पाण्याखाली गेली की माल जास्त झाला, जहाज सोडायचं नाही. नावेलाही ती काढता येते. जाणत्या माणसासमोर नावेत एकेक माणूस बसवायचा, नाव डळमळायला लागण्याच्या बऱ्याच आधी थांबायचं, डोकी मोजायची आणि त्या पातळीवर बाहेरून पांढरा पट्टा ओढायचा. तोच आकडा आत मोठ्या अक्षरात लिहायचा. नावाड्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "पट्टा मारतो, पण लोक ऐकतील तर ना! तुमचा एक माणूस घाटावर उभा करा."