पदवी लागतेच का?

(चिंचपाडा येथे पालक व मंडळीच्या सभासदांसमोर केलेले भाषण)



गेल्या जूनमध्ये एक मावची बाप मुलीला घेऊन माझ्याकडे आला. मुलगी बारावी पास. तो म्हणाला, "भाऊ, हिला कॉलेजात घालू की नर्सिंगला? डिग्रीवाली पोरं तर दिवाळीनंतर आमच्याबरोबरच गुजरातला ऊसतोडीला येतात."

मला चटकन उत्तर देता आले नाही. काही वर्षांपूर्वी एका हुशार मुलाला मी "तुला आयटीआय पुरे" असे सांगितले होते. आज तो वायरमन आहे, घर चालवतो. पण त्याला तलाठी व्हायचे होते, आणि तलाठी भरतीला पदवी लागते. "मला काय पाहिजे ते तुम्ही विचारलंच नाही," असे तो मागाहून मला म्हणाला. माझ्याकडे स्वतःला ईश्वरविज्ञानाची पदविकाच आहे. तरी माझ्या मुलाला मी "पुरे" म्हटले असते का? नसते. आदिवासी लेकराला मात्र सहज म्हटले.

म्हणून आता मी आधी कामाचे नाव विचारतो. राज्यसेवेची परीक्षा द्यायची तर पदवी हवीच. पोलीस शिपाई भरतीला बारावी चालते. नर्सिंगमध्ये एएनएम 2 वर्षांचे, जीएनएम 3 वर्षांचे. पदवी नसली तरी परिचर्या परिषदेत नोंदणी होऊन नोकरी मिळू शकते. जीएनएमनंतर 2 वर्षांत पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते, म्हणजे पदवीचे दारही उघडे राहते. कशाला काय लागते याची चौकशी न करता, नुसते जवळ आहे म्हणून बीएला नाव घातलेली मुले आपल्याच मंडळीत आहेत. तीन वर्षे जातात, आणि पुढे काय हे तेव्हा विचारले जाते.

पौल गमलिएलापाशी शास्त्र शिकला होता. तरी करिंथात अक्विल्लाबरोबर राहुट्या करताना त्याला कमीपणा वाटला नाही.

मुलगी इतका वेळ गप्प होती. तिलाच विचारले. म्हणाली, "आधी जीएनएम. डिग्री मी माझ्या पगारातून करीन."

आपल्या शिक्षण-साहाय्याच्या अर्जात अजून "पदवी अभ्यासक्रमाचे नाव" असा रकाना आहे. तिच्या अर्जावर "पदवी" हा शब्द मी पेनाने खोडला. अर्ज कमिटीपुढे आहे. वसतिगृहाचा पहिला हप्ता याच महिन्यात भरायचा आहे.