कर्ज फिटले नाही तर तुरुंग?

कर्जात बुडालेल्या गृहस्थाची झोप बहुधा रकमेच्या आकड्याने उडत नाही. बेलीफ दारात येईल आणि आपल्याला तुरुंगात नेईल, या धास्तीने उडते. ही धास्ती कितपत खरी?

दिवाणी हुकूमनामा झाला म्हणून ऋणको आपोआप तुरुंगात जात नाही. ऐपत असून केलेली टाळाटाळ, पळून जाण्याचा बेत अथवा मालमत्तेची लबाडीने विल्हेवाट, असे काही आढळावे लागते. निव्वळ दारिद्र्यासाठी कैद नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली स्पष्ट केले. पैशाच्या हुकूमनाम्यापायी स्त्रीला तर अटक करताच येत नाही. जप्ती आली तरी आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि मंगळसूत्रासारखा धर्मरूढीने अंगावेगळा न करावयाचा दागिना यांना हात लावता येत नाही.

फेड अशक्यच झाली, तर १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली न्यायालयात अर्ज करता येतो. मात्र त्या वेळी मालमत्ता कपटाने लपविणे हा गुन्हा आहे. न वटलेल्या धनादेशाचा मामलाही फौजदारी होय. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम न दिल्यास, फिर्याद होऊन दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणून समन्स आले तर तोंड लपवू नका. गैरहजर राहणाऱ्याविरुद्ध एकतर्फी निकाल होतो. हजर राहणाऱ्यास हप्ते मागता येतात. वकील परवडत नसेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जावे. पात्र व्यक्तीस तेथे विनामूल्य साहाय्य मिळते. कर्ज हे संकट आहे, कलंक नव्हे.